चंपाबाईच्या गाण्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. बालाघाटकडच्या राजेगावात चंपाबाईच्या घरी, खाटेजवळ माझी जागा आहे. माझ्या भात्याला ठिगळ आहे आणि काही पट्ट्या मुक्या झाल्या आहेत. लग्नाच्या लाउडस्पीकरवर तुम्ही 'पल्याड माझी राणी' ऐकलेच असेल. ते गाणे जन्मले तेव्हा मी तिथे होते. ते राणीचे गाणे नव्हते.

नागपूरच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले. १९५६ साली चंपाबाईचा नवरा पुनाराम दीक्षा घ्यायला नागपूरला आला होता. परतताना त्याने मला विकत घेतले आणि रेल्वेत मांडीवर बसवून आणले. गावात त्याने गायन पार्टी काढली. धाकट्या भावाला, भोजराजला, त्याने हात धरून शिकवले. चंपाबाई मात्र चुलीपाशी बसून नुसती ऐकत असे आणि ऐकता ऐकताच शिकली.

पुढे पुनाराम तापाने गेला. चंपाबाईने मला भोजराजच्या पुढ्यात ठेवले. "भाऊजी, पार्टी बंद पडू देऊ नका," एवढेच ती म्हणाली.

तिची एकुलती एक लेक कमला. बाघ नदीच्या पलीकडच्या गावात तिला दिली होती. नदी आता दोन राज्यांची सीमा झाली होती, पण मायलेकींना तिचे काय? उन्हाळ्यात पाण्यातून चालत जाता येई. एका पावसाळ्यात कमला बाळंतपणात अडली. निरोप आला, तेव्हा रपट्यावरून, नदीतल्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होते. नावाडी नाव सोडेना. चंपाबाई काठावर उभी राहून हाका मारत राहिली. पाणी उतरल्यावर ती पोहोचली, तोवर सगळे संपले होते.

कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी तिने मला जवळ ओढले, भाता हलवला आणि गाऊ लागली:

"पल्याड माही लेक, मंधात वाहे पूर,
हाक मारली बाई, हाक जाते दूर."

मित्रांनो, ते गाणे साधे नव्हते. आरंभी ते इतके हळू चाले की जणू कोणी स्वतःशीच पुटपुटते आहे. मग नदी चढावी तशी लय चढे. मध्ये शब्दच नसत, नुसते सूर धावत. एखादी बाई काठाने पळत सुटावी तसे. आणि ऐन भरात सगळे थांबे. त्या शांततेत ती एकच हाक मारी, "कमलाऽऽ!" त्यानंतर गाणे पुन्हा हळू होई, पण आता ऐकणाऱ्याला ते पुटपुटणे सोसवत नसे.

दाराशी उभा भोजराज रडत होता. तो म्हणाला, "वहिनी, हे गाणं मले शिकवा. कमलाचं नाव मी गावोगाव नेतो."

तिने विश्वासाने शिकवले.

कटंगीच्या बाजारात, लामत्यात, जिथे तिथे बाया ते पुन्हा गायला लावत. होता होता नागपूरच्या एका रेकॉर्डवाल्याच्या कानावर ते गेले. भोजराज मला घेऊन नागपूरला निघाला, तेव्हा मला वाटले, माहेरी माझा मान होणार. तिथे मला दाराजवळ चटईवर ठेवले. व्हायोलिनवाले, क्लॅरिनेटवाले येऊन बसले.

रेकॉर्डवाला म्हणाला, "माय-लेकीचं रडगाणं कोण विकत घेईल? लेकीची राणी करा."

मी वाट पाहिली. भोजराज आता नाही म्हणेल, आता म्हणेल.

"हौ साहेब, होऊन जाईल," तो म्हणाला.

जिथे कमलाची हाक होती तिथे व्हायोलिन वाजले. तबकडीवर गीत, संगीत आणि गायन, तिन्हीकडे भोजराजचे नाव छापले.

मग ते गाणे सुटलेच. बँडवाल्यांनी घेतले, कव्वालीवाल्यांनी हिंदीत केले, बालाघाटच्या पोरांनी गिटारवर बसवले. ज्याच्या त्याच्या तोंडी राणी.

एका लग्नात बायांनी चंपाबाईला गायचा आग्रह केला. तिने पहिली ओळ म्हटली, तोच एक मुलगी हसली. "आजी, लेक नाही, राणी हाय ते. भूल गई क्या?"

चंपाबाईने भोजराजकडे पाहिले. "भाऊजी, तुमी तं सांगा."

तो माझ्या पट्ट्यांवरची धूळ पुसत बसला.

नंतर बालाघाटला त्याचा सत्कार झाला. शोभेसाठी मला मंचावर मांडले होते. त्याने चंपाबाईला वर बोलावले आणि लोकांना सांगितले, "ही माही वहिनी. इच्या हातचा भात खाऊन मी हे गाणं केलं."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "भात तं मी रांधलाच, भाऊजी. गाणंबी मीच रांधलं."

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. भोजराजही हसला. तो हसला, ते मी आजवर विसरले नाही. चंपाबाईने मला उचलले. "पेटी माही हाय," म्हणाली, आणि मला डोक्यावर घेऊन मंचावरून उतरली.

आता धानाची रोपे लावणाऱ्या, रोवणीच्या बाया सुट्टीच्या दिवशी तिच्या अंगणात जमतात. ती शिकवते, त्या गातात, आणि हाक मारायची वेळ आली की सगळ्या मिळून कमलाला हाक मारतात.

मागच्या वर्षी भोजराज आला. त्याची पुढची गाणी चालली नव्हती. कमलाचे नावही न काढता तो म्हणाला, "वहिनी, दुसरं काही केलं काय तुमी? रेकॉर्डवाले मागून राह्यले."

चंपाबाई उठली. ताट वाढले, पाण्याचा तांब्या ठेवला.

"जेवा, भाऊजी," ती म्हणाली. "भात गरम हाय."

तो खाली मान घालून जेवला आणि गेला. ती माझ्याजवळ येऊन बसली, पण त्या दिवशी तिने भाता उघडला नाही.

मित्रांनो, लाकडाला वाळवी लागली तर दिसते, भाता फाटला तर शिवता येतो. आम्हा वाजणाऱ्या वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, एवढे पुरते. गाण्याला मात्र जास्त जपावे लागते. ते आवडले तर मोकळ्या गळ्याने गा. पण त्याआधी घरात, शेतात, शेजारी विचारून पाहा की ते कोणी केले आणि कोणासाठी केले. ती बाई कदाचित तुमच्याच ताटात भात वाढत असेल.