तळ्याकाठच्या धक्क्याचं दप्तर

इंगालिलने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत हार्ड डिस्क होती आणि तिला एल्क हरणाच्या मांसाचा वास येत होता.

"फ्रीझरमध्ये ठेवली होती ना?" येर्केरने विचारलं. हुडिक्सवाल गावातल्या एका सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत तो बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून द्यायचा. लोकांनी आधी काय काय करून ठेवलंय, हे त्याला वासावरून कळायचं.

"अध्यक्षांनी ठेवली. गार केली की चालते, असं कुठेतरी वाचलं म्हणे त्यांनी."

"सगळेच वाचतात हो. कुठे वाचतात, ते मात्र कुणी सांगत नाही."

तळ्यावरच्या पोहण्याच्या धक्क्याचा एक संघ होता आणि इंगालिल अकरा वर्षं त्याची चिटणीस होती. धक्का बारा मीटर लांब, सभासद घरं तेवीस, इतिवृत्तं नऊशेच्या वर. कागद स्कॅन करून रीतसर ठरावाने रद्दीत घातलेले. डिस्कची दुसरी प्रत काढायचा विषय चार वर्षं पुढे ढकलला जात होता, कारण नियमाप्रमाणे तीन दुकानांचे दर मागवावे लागत आणि गावात दुकानं दोनच होती.

तिला सुटायचं होतं. एवढंच. गुरुवारी वार्षिक सभा होती. दोन वर्षं दालचिनीचे बन खाऊ घालून तिने मॉर्टेन नावाच्या शेजाऱ्याला चिटणीसपदासाठी कसाबसा तयार केला होता. पण संघाच्या घटनेतलं कलम नऊ सांगत होतं की, संपूर्ण दप्तर पुढच्याच्या हाती दिल्याशिवाय चिटणिसाची सुटका नाही.

येर्केरने डिस्क जोडली. ती टिक टिक करू लागली. बऱ्याच वेळाने पडद्यावर फोल्डरांची यादी उमटली.

"तासभर जगेल. नाहीतर दहा मिनिटं. आधी काय काढू?"

"सगळंच हवंय."

"सगळं नाही मिळायचं. एक सांगा."

अकरा वर्षांची सवय. तिने अध्यक्षांना, सिगवार्डला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हे तू एकटीने ठरवायचं नाही हं," सिगवार्ड म्हणाला. "कार्यकारिणी बसली पाहिजे. थांब, गुनेलला जोडतो."

गुनेल खजिनदार. या तिघांची मिळून कार्यकारिणी. ती फोनवर आली, तिच्यामागे व्हॅक्यूम क्लीनर चालू होता.

"तातडीची सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो," सिगवार्ड म्हणाला. "इंगालिल, लिहून घेतेस ना?"

"घेते."

"विषय एक, इतिवृत्त तपासनीस निवडणे. अध्यक्ष आणि चिटणीस चालत नाहीत. म्हणजे राहिली गुनेल."

"अरे, माझं नाव मीच कसं सुचवू?" गुनेल म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

"मी सुचवतो. पण अनुमोदन?"

टिक. टिक. टिक्-टिक्.

"अहो, ही मरतेय," येर्केर कुजबुजला.

इंगालिलची नजर यादीवरून खाली सरकली. तिसऱ्या फोल्डरचं नाव 'घटना' होतं. तिथे ती थांबली. ही घटना एवढ्या एकाच ठिकाणी होती. तिनेच स्कॅन केली होती, तिनेच मूळ कागद रद्दीत टाकला होता. ती जरा वेळ बघत राहिली. मग तिने बोट आणखी खाली नेलं.

"हा काढ. धक्क्याच्या सडक्या फळीचे फोटो."

"नक्की?"

"नक्की."

एकतीस फोटो उतरले. मग काचेवर चमचा घासावा तसा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. येर्केरने वायर काढली.

"तबकडीच खरवडली गेली. आता कुठल्या प्रयोगशाळेत पाठवूनही उपयोग नाही."

नऊशे इतिवृत्तं. प्रत्येक स्वल्पविराम तिचा. रडू येईल असं वाटून ती थांबली, पण आली ती जांभई.

"सिगवार्ड, डिस्क गेली," ती म्हणाली. "आणि मी राजीनामा देतेय."

"अगं, कलम नऊ आहे! संपूर्ण दप्तर द्यावं लागतं."

"देतेय की. एकतीस फोटो. आता संपूर्ण दप्तर तेवढंच आहे."

"कलमाचा अर्थ तसा नाही होत."

"मग वाचून दाखव."

गुनेलने व्हॅक्यूम क्लीनर बंद केला.

"मतदान घेऊया," गुनेल म्हणाली. "तिचा स्वतःचाच विषय आहे, म्हणजे तिला मत नाही. माझं मत, सोडावं बिचारीला."

"माझं मत, सोडू नये. बरोबरी झाली. आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक."

"असं कुठे लिहिलंय?"

सिगवार्डला ते कुठे लिहिलंय हे नेमकं माहीत होतं. डिस्कबरोबर गेलेल्या त्या घटनेतच.

"मग सुटली ती," गुनेल म्हणाली.

"सुटली असंही म्हणता येत नाही."

"नाही सुटली असंही म्हणता येत नाही ना!"

इंगालिलने फोटोंची पेनड्राइव्ह मॉर्टेनसाठी पाकिटात घातली, येर्केरचे आभार मानले आणि फोन बंद न करता पर्समध्ये टाकला. चालू सभेत फोन ठेवणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

बाहेर दुपारचे सव्वादोन वाजले होते. ती गाडीत बसली, पण किल्ली फिरवायचं त्राण नव्हतं. तिने सीट मागे केली.

"सभा संपली असं जाहीर करायचं तर ते कुणीतरी लिहून घ्यायला हवं," पर्समधून सिगवार्ड म्हणाला. "नाहीतर ती संपणार कशी?"

"मग चालू ठेवायची का?"

"त्याला अनुमोदन लागेल."

इंगालिलला झोप लागली होती.