डावीकडे कललेल्या रेघा

“जेवताना उजवा. पूजेला उजवा. पेन्सिल मात्र ज्या हाताला गोड वाटेल त्या हातात धर, शरू.”

आप्पांनी हे सांगितलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि गंगेकाठी दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत डावरी मुलगी म्हणजे येताजाता बोलायला विषय होता. बायका आईला थांबवून विचारायच्या, “गीताबाई, पोरीचा हात कधी सुधारणार?” आई भांडायची नाही. शेगडीपुढे बसून ती ओवी रचायची आणि खिडकी उघडी ठेवून म्हणायची:

डावरी माझी लेक, तिच्या डाव्या हाती दिवा
उजवे सारे बघती, उजेड कुठून यावा

गल्लीतल्या बायकांनाही चाल आवडली. पुढे पुढे त्याच ती गुणगुणायला लागल्या.

आप्पा, म्हणजे शिवराम सोमण, रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर इंजिनाच्या भागांचे नकाशे काढायचे आणि घरी आले की पाटावर कागद ताणून घाटाच्या पायऱ्या, खांब, होड्या काढत बसायचे. त्यांची पेन्सिल साधी नव्हती. हिरव्या रंगाची, कलकत्त्याहून आणलेली. बटण दाबलं की टोकाचे चार चिमुकले दात उघडायचे आणि दोन मिलिमीटर जाडीचं शिसं पुढे सरकायचं. बोटं लागून लागून रंग उडाला होता आणि आतलं पितळ तुळशीपुढच्या समईसारखं चमकायचं. घरात तिचं नाव ‘जाडी’. एकदा माझी अंगाने भरलेली आत्या माहेरपणाला आली असताना आप्पा आतून ओरडले, “जाडी कुठे गेली?” आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पहिल्यांदा जाडी हातात घेतली तेव्हा मी टोक खाली धरून बटण दाबलं. दात उघडले, अख्खी कांडी सुळकन निसटली आणि पायरीवर पडून तिचे तीन तुकडे झाले. आप्पा रागावले नाहीत. तिन्ही तुकडे वेचून त्यांनी डबीत ठेवले. “बटण दाबताना खाली तळवा धरायचा. लहान मूल पाळण्यातून काढताना धरतो तसा.” मग बाकीचं शिकवलं. टोक रेगमालाच्या खरखरीत कागदावर घासायचं, ब्लेडने तासायचं नाही. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत न्यायची, म्हणजे शिसं एका बाजूने झिजत नाही आणि रेघ सुरुवातीला जेवढी बारीक तेवढीच शेवटपर्यंत राहते. मी शाळेच्या वह्याही जाडीनेच लिहायचे. बारीक शिशाच्या पेन्सिली माझ्या हातात कटाकट मोडत. जाडी मात्र हाताचा भार सोसायची. वेलांटी लिहावी आणि त्याच टोकाने गंगेवरच्या होडीचं शीड काढावं, दोन्ही तिला सारखंच.

आणि एक गोष्ट आप्पांनी माझ्यावर सोडली होती. दगड मधून कापून दाखवायचा असला की त्या भागात तिरक्या रेघा भरतात. कारखान्यात त्या त्रिकोणी पट्टीने मारायचे. घाटाच्या नकाशात आप्पा पट्टी लावू देत नसत. “हा दगड चुनारच्या खाणीतला आहे, लोखंड नाही. हातानेच भर,” म्हणायचे. त्यांच्या रेघा वर जाताना उजवीकडे कलायच्या. माझ्या डावीकडे. “तुझ्या हाताचा उतार तिकडे आहे,” एवढंच म्हणायचे. सरळ कर असं कधी म्हणाले नाहीत.

अठ्ठ्याहत्तरच्या पुराने आमच्या घाटावरच्या दोन मढ्यांपैकी एक पाडली. मढी म्हणजे चार खांबांची दगडी छत्री. तिच्या सावलीत दुपारी वेदपाठी मुलं संथा म्हणायची, संध्याकाळी म्हातारे बसायचे. पुढच्या वर्षी ती पुन्हा उभारायचं घाटमंडळाने ठरवलं. मंडळाचे प्रमुख वेणीमाधवशास्त्री, आमचे वेणीकाका. त्यांनी नकाशा आप्पांवर सोपवला. पडलेला एकेक दगड मोजायचा आणि कागदावर मढी परत उभी करायची. आप्पांनी मापं घेतली, आणि शेवटच्या दिवशी गाळाच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टर करून गळ्यात अडकवला. दगड कापणारे कारागीर महिनाअखेर येणार होते.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आप्पांनी कागद ताणायला सांगितला आणि जाडी माझ्या पुढ्यात ठेवली.

एकोणीस दिवस मी तो नकाशा काढत होते. आप्पा शेजारी बसून मापं वाचून दाखवायचे. खांबांवर कोरलेल्या घंटा, छताची पाकळी, खांबांखालच्या तळखड्याचा छेद, सगळं माझ्या हातून उतरलं. शेवटी उजव्या कोपऱ्यातली चौकट राहिली. नकाशाला अशी चौकट असतेच. तिच्यात दोन घरं असतात, ‘काढले’ आणि ‘तपासले’. मी ‘काढले’पुढे टोक टेकवलं आणि आप्पांकडे पाहिलं.

त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

“शि. वि. सो. लिही,” ते म्हणाले. “दोन्ही घरांत. पोरीच्या नकाशावर इथे कुणी दगड कापणार नाही.”

मी लिहिलं. अक्षर मुद्दाम त्यांच्यासारखं काढलं.

मढी उभी राहिली. अगदी होती तशी. नकाशा काच लावून मंडळाच्या बैठकीच्या खोलीत टांगला गेला आणि पुढची सतरा वर्षं आल्यागेल्याला वेणीकाका तो दाखवत राहिले. “हा आमच्या शिवरामचा हात,” म्हणायचे. मी चहाचा ट्रे घेऊन तिथे कितीदा गेले असेन. काचेत माझा चेहरा दिसायचा आणि त्याच्या मागे माझ्या रेघा. छाती भरून यायची. तरी ट्रे ठेवून मी लगेच बाहेर पडायचे. आप्पा अशा वेळी उपरण्याने चष्मा पुसत बसायचे. ना ते कधी बोलले, ना मी. आई तेवढी घरी आल्यावर भांडी जरा जोरात ठेवायची.

शहाण्णवच्या कार्तिकात दुसरी मढी कलली. ती उतरवून पुन्हा बसवायची ठरली. वेणीकाका घरी आले तेव्हा आप्पा सत्तरीत होते आणि त्यांचा हात थरथरत होता, चहा बशीत सांडायचा.

“शरदिनी काढेल,” आप्पा म्हणाले.

मी तोवर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, तेहेतीस वर्षांची झाले होते. वेणीकाकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. “काढू दे, काढू दे. तू सांगशील तसं काढेल. हात तुझाच समजायचा.”

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, “या वेळी ‘काढले’पुढे माझं नाव नसेल तर मी कागद द्यायची नाही.”

आई गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, “मला काय सांगतेस? त्यांना सांग.”

“तेच ऐकतायत तिकडे.”

पलीकडच्या खोलीत आप्पांचं वर्तमानपत्र खसखसलं, एवढंच.

रोज सकाळी शाळेच्या आधी मी घाटावर जायचे. एका हातात टेप, दुसऱ्यात जाडी. मापाची वहीही तिनेच लिहायची, रेखाटनही तिनेच करायचं. दवाने कागद ओला व्हायचा. शाईचा ठिपका पसरला असता, शिशाची रेघ मात्र जागची हलायची नाही. मढीच्या शेजारी होडी बांधणारा विष्णू मल्लाह रोज विचारायचा, “दीदी, इसका ब्याह है क्या, इतना नाप ले रही हैं?” मी म्हणायचे, “हाँ, नया कपड़ा सिलना है.” चवथ्या दिवशी तो स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

नकाशा झाला. ‘काढले’ आणि ‘तपासले’ दोन्ही घरं मी कोरी ठेवली आणि कागद आप्पांपुढे मांडला. भिंग घेऊन त्यांनी पूर्ण दुपार त्याच्यावर घालवली. मी तोवर चार वेळा पाणी प्यायले.

“खालून तिसरी पायरी,” ते शेवटी म्हणाले. “उंची परत माप.”

मी जिना उतरून घाटावर गेले, मापलं, परत आले. “पावणेआठ इंच. लिहिलंय तेवढंच.”

“हं,” आप्पा म्हणाले आणि भिंग खिशात ठेवलं. आप्पांच्या ‘हं’ची किंमत आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण चौकटीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

बैठक रविवारी होती. आई नवी नऊवारी नेसून आली, बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढे बसली. मंडळाने या वेळी बँकेत असलेल्या देवांच्या मुलाला, अनिमेषला, बोलावलं होतं. तो लखनौहून वास्तुकला शिकून आला होता. मराठी घरातली आणि हिंदी बाहेरची, असं मिसळून बोलायचा. वेणीकाकांनी माझा नकाशा सतरंजीवर पसरला, वाकून पाहिला आणि मान डोलावली.

“वा. शिवराम, पोरीला चांगलं तयार केलंस. आता असं करू, चौकटीत नाव तुझंच पडू दे. कारागीर आले की आधी तिथेच बघतात. पहिल्या मढीला तुझा हात, दुसरीलाही तुझाच. शोभेल.”

मी कागदाची कड धरून ठेवली. सतरा वर्षांपूर्वी मी काही बोलले नव्हते आणि आता बोलणार होते. पण एवढ्या माणसांत आप्पांना खोटं पाडायचं माझ्याच्याने होईना. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मग मान फिरवून आप्पांकडे पाहत राहिली.

“काका, एक मिनिट,” अनिमेष म्हणाला. तो उठून भिंतीवरच्या जुन्या नकाशापाशी गेला होता. काचेला नाक लावलं, मग परत येऊन गुडघ्यांवर बसून नवा कागद बघितला. पुन्हा उठला. “ये दोनों एकाच हाताचे आहेत.”

“अरे, तेच तर म्हणतोय मी,” वेणीकाका म्हणाले.

“नाही, म्हणजे… हे तिरके स्ट्रोक बघा. छेदातले. पट्टीने नाही मारलेले, हाताने मारलेत. सगळे डावीकडे झुकलेत. इथेही, तिथेही. उजव्या हाताचा माणूस सहज असे मारतच नाही. ज्याने पहिला काढला तो लेफ्टी होता.” तो आप्पांकडे वळला. “आप्पा, तुम्ही डावरे आहात का?”

“शिवराम?” वेणीकाका हसले. “छे रे. तो डाव्या हाताने पाणीसुद्धा पीत नाही.”

हसू दोनचार जणांपर्यंत गेलं आणि तिथेच विरलं. पंचवीस माणसं आधी भिंतीकडे बघत होती, मग माझ्या हाताकडे. माझ्या डाव्या हातात जाडी होती.

आप्पा उठले. खांबाचा आधार घेत सतरंजीपाशी आले आणि माझ्यापुढे तळवा पसरला. मी जाडी त्यांना दिली. त्यांनी टोकाखाली तळवा धरून बटण दाबलं, शिसं हवं तेवढं पुढे घेतलं आणि कागदावर वाकले. त्यांचा हात ‘काढले’वरून सरकत पुढे गेला आणि ‘तपासले’च्या घरात थांबला. शि. वि. सो. थरथरतं, वेडंवाकडं, पण त्यांचं स्वतःचं.

मग त्यांनी जाडी माझ्या डाव्या हातात परत ठेवली. “लिही,” म्हणाले.

मी लिहिलं. या वेळी अक्षर माझं काढलं.

“शिवराम, हे काय?” वेणीकाका म्हणाले.

आप्पा सरळ उभे राहिले. मी त्यांना इतकं ताठ कारखान्यात जायच्या दिवसांतच पाहिलं होतं.

“वेणीमाधव, सतरा वर्षं तू सगळ्यांना माझा हात दाखवतोस. माझा हात तेव्हा गळ्यात होता. तूच पेढे घेऊन बघायला आला होतास. प्लास्टरवर हात फिरवलास, लवकर बरा हो म्हणालास, आणि तीन आठवड्यांनी माझ्याकडून नकाशा घेऊन गेलास. कोणी काढला ते विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. ते नेमकं चौकटीवर गेलं. “तिच्याकडून माझं नाव मी लिहवून घेतलं. दगड कापणारे ऐकणार नाहीत असं तिला सांगितलं. ते काही खरं नव्हतं. माझ्या सोळा वर्षांच्या पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे चार माणसांत म्हणायचा धीर मला नव्हता. ती मढी शरदिनीची आहे. मी नुसता शेजारी बसलो होतो.”