शून्य टोपल्यांचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. अंगावर तेवीस आकडा, वर एक भोक. मित्रांनो, दिसायला मी एवढासा, पण मी ज्याच्याकडे, त्याला हंगामात तळ्यातून शंभर टोपल्या मासे धरता येतात.

माझ्या आधी तळं कुणाचंच नव्हतं, म्हणून जो तो ओरबाडायचा. आज आपण सोडलेला मासा उद्या शेजारी धरणार, मग सोडायचा कशाला? शेवटी जाळ्यात बोटाएवढे मासे येऊ लागले. तेव्हा मच्छीमारांच्या संस्थेने चाळीस बिल्ले पाडले. बिल्ला असेल त्यानेच जाळं टाकायचं. बिल्ला विकता येई; मात्र दर हंगामाआधी कचेरीत नेऊन त्यावर ठिपका ठोकून घ्यायचा. चुकला, तर लिलाव.

माझा पहिला मालक थकला, तेव्हा धक्क्यावर मासे साफ करणाऱ्या बाईने मला विकत घेतलं. तिचा नवरा होड्या दुरुस्त करणारा सुतार. घरात जाळं नव्हतं.

"यंदा किती टोपल्या?" ठिपका ठोकायच्या आधी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं.

"एकही नाही."

"मग बिल्ला कशाला, वहिनी? गळ्यात घालायला?"

"धरता येतील, असं तुमच्या नियमात आहे. धरलेच पाहिजेत, असं कुठंय?"

कारकुनाने नियम दोनदा वाचला. तसं कुठेच नव्हतं.

"अंड्यांनी भरलेली पोटं मी आयुष्यभर चिरली," ती म्हणाली. याहून जास्त ती कधी बोलली नाही. दरवर्षी हंगामातला सगळ्यात मोठा मासा ती पाटावर आडवा ठेवी आणि त्याची शेपटी पोचेल तिथे पाटावर सुरीने खूण करी. मला चुलीमागच्या खिळ्याला अडकवून राखेने घासत असे.

तिच्या हातून सहा ठिपके झाले आणि ती वारली. मग मला कुणी घासलं नाही. मी काळा पडलो. सुतार चुलीकडे फिरकतही नसे.

ठिपक्याचा शेवटचा दिवस आला. अकरा बिल्ले गोळा केलेला व्यापारी दारात आला.

"काका, विकून टाका. वस्तू पडून राहिली की गंजते."

"पितळ गंजत नाही," सुतार म्हणाला.

"पण आज ठिपका चुकला तर लिलावात मीच घेणार."

सुतार उठला. खिळ्यावरून मला काढून त्याने शर्टाला पुसलं आणि चालत कचेरी गाठली. कारकून कुलूप लावत होता. त्याने दार पुन्हा उघडलं.

"काका, किती टोपल्या?"

"ती सांगायची तेवढ्याच."

कारकुनाने शून्य लिहिलं आणि माझ्यावर तिच्या सहांपुढे सातवा ठिपका ठोकला.

मित्रांनो, माझ्यामुळे तळं भरलं, असं मी म्हणणार नाही. चाळिसांत मी एक. एवढंच सांगतो, हक्क हातात आला की तो राखून ठेवणंही तुमच्याच हातात असतं. त्या हंगामात सुताराने धक्क्यावरून एक मासा आणला आणि पाटावर आडवा ठेवला. तो तिच्या शेवटच्या खुणेपुढे दोन बोटं गेला. सुतार सुरी शोधू लागला.