दसऱ्याची एक गोळी

एकोणीसशे तेहतीस सालचा भाद्रपद सरत आला होता. ज्वारी पोटरीत होती. त्या दिवसांत आसेगावच्या जगदेव पाटलाने मला अकोल्याच्या दुकानातून घरी आणले. मी बावीस बोराची रायफल. काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसला की माझी गोळी सुटते. आवाज लहान, धक्का नाही. निशाण्यावर गोळी घालणे एवढेच माझे काम. ते मला नीट येत होते.

मला निवडले मदनसिंगने. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा माणूस, जगदेवचा शिकारीतला जुना सोबती. दुकानात आम्ही तिघी होतो. जगदेवचा डोळा एकीच्या नक्षीदार दस्त्यावर गेला.

"पाटील, तिच्यासंग लगन लावाचं हाय का?" मदनसिंग म्हणाला.

दुकानामागच्या पडीत सरकीच्या पोत्यावर टेकवून त्याने तिघींना एकाच पेटीतली काडतुसे चारली. आधी वारा पडेपर्यंत थांबला. नक्षीवालीची भोके समोर उभ्या केलेल्या फळीभर विखुरली. दुसरीची उभी रांग पडली. माझी सगळी एका ढब्बू पैशाखाली झाकली गेली.

"इच्या नेमाची हमी माही," तो म्हणाला.

आसेगावात रिवाज होता. दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी बाभळीला नारळ टांगत. बंदूकवाल्या प्रत्येक घराने एकच गोळी मारायची. ज्याची गोळी नारळाला लागेल त्याने सर्वांच्या पुढे शीव ओलांडायची. जगदेवच्या बापाचा तो मान गावातल्याच बबनरावाच्या घरी गेला होता. तो परत आणण्यासाठी मी आले होते.

दसऱ्याच्या सकाळी जगदेवच्या बायकोने, तुळसाबाईने, शस्त्रे पुजली. विळा, नांगराचा फाळ, मी. नवे हत्यार म्हणून मला मान जास्त. तिने माझ्या नळीत पळीभर तेल ओतले, वर कुंकू सोडले. मनापासून. तेलकट नळीतली पहिली गोळी वाट सोडते. मला ठाऊक होते. त्या घरात कोणाला नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते तो मदनसिंग संध्याकाळी थेट बाभळीखाली आला.

जगदेवने मारलेली गोळी नारळावरून गेली.

"पाटील, ज्वारीतली पाखरं हाकलाले बरी हाय," बबनराव म्हणाला. लोक हसले. मदनसिंगने दुसरी गोळी मागितली. रिवाजात दुसरी नव्हती. जगदेव साऱ्या गावासमोर त्याला म्हणाला, "तुनं मले खोटं हत्यार देल्लं. तुही जबान खोटी."

मदनसिंगने पागोटे सारखे केले आणि निघून गेला. त्या दारी पुन्हा आला नाही.

मी खुंटीवर गेले. तेल वाळून चिकट झाले, कुंकू त्यात मुरले, पावसाळ्यांची ओल आत शिरली. माणसे हत्यार पुजतात, पुसत नाहीत. गंज सोसता येतो. माझ्यापायी एका खऱ्या माणसाची जबान गेली, ते सोसवत नव्हते.

एकेचाळीस साली भिंती सारवताना तुळसाबाईने मला उतरवले. काडीला चिंधी गुंडाळून नळीत घातली. चिंधी लाल किटणाने भरून आली. ती तशीच जगदेवपुढे गेली.

"तेल म्या ओतलं होतं. गोळी तेच्यानंच घसरली असन."

जगदेवने चिंधी हातात घेतली. मग म्हणाला, तांड्यावर जाऊन सांगतो.

"बोलले गावात, अन् फेडसान तांड्यात?" तुळसाबाई म्हणाली.

त्या दसऱ्याला जगदेवने मदनसिंगला आपल्या बैलांच्या दमणीत बसवून आणले. बाभळीखाली गाव जमल्यावर जगदेव म्हणाला, "त्या साली नेम चुकला तो माह्या घरच्या तेलानं. मदनसिंगची निवड खरी होती. जबान माही खोटी." आणि आपल्या घरची गोळी मारायला मला त्याच्या हाती दिले.

मदनसिंगने नळीत डोकावून पाहिले. गंज त्याला दिसला. तरी अकोल्याला धरला होता तसाच नेम धरला. मी साथ देऊ शकले नाही. गोळी हातभर बाजूने गेली. कोणी हसले नाही. बबनरावही नाही.

शीव ओलांडून परतल्यावर मदनसिंगने जगदेवच्या हातावर आपट्याचे पान ठेवले. देणे फिटले.