तिथीचं बटण

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, त्र्यंबकेश्वरचे पुरोहित. छत्रीच्या काड्या पुन्हा पुन्हा बसवून घेतील, पण नवी छत्री घेणार नाहीत. असा माणूस कॉम्प्युटरवरच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली रे आली की नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात सगळ्यांच्या आधी हजर! शेजारपाजारचे हसायचे. मीही हसायचे.

त्या प्रोग्रॅमला माझ्या धाकट्या भावाने, गौरांगने, एक बटण जोडून दिलं होतं. तारीख लिहून ते दाबलं की शेजारी तिथी उमटायची. यजमानांना श्राद्धाचा दिवस कळवायची कार्डं नाना त्यावर छापायचे. पंचांग हाताशी होतंच म्हणा. पण हे लेकाने केलेलं बटण!

प्रत्येक नव्या आवृत्तीत ते बंद पडायचं. कंपनीने आतलं काहीतरी हलवलेलं असायचं आणि बटण बिचारं जुनीच जागा शोधत बसायचं. गौरांग पुण्यात नोकरीला होता तोवर एसटीने यायचा आणि सगळी सुट्टी दुरुस्तीत घालवायचा. नाना खुर्ची ओढून शेजारी. श्राद्धाला सूर्योदयाची तिथी चालत नाही, दुपारची बघावी लागते. पण दुपार कुठली धरायची, त्र्यंबकची की यजमानाच्या गावची? यावर दोघांची अशी जुंपायची की ताटं गार व्हायची.

मग तो अमेरिकेला गेला. एरवी त्याचा फोन आला की नाना "बरा आहेस ना? हे घे, स्वरदाशी बोल," म्हणत रिसीव्हर माझ्या हातात कोंबायचे. बापलेक दोघेही तसलेच, कामाशिवाय तोंड उघडणार नाहीत. बटण बंद पडलेलं असलं मात्र तासतासभर बोलायचे. दुरुस्ती संपायची, बोलणं अधिक महिन्यावर जायचं, तिथून तिकडच्या बर्फावर, तिथून त्याच्या न जमणाऱ्या लग्नावर. नंतर नाना दिवसभर खुशीत. नव्या आवृत्त्यांची हौस मला तेव्हा कुठे उमगली. त्यानंतर मी कधी हसले नाही.

२००७ साली मोठी आवृत्ती आली. ती येण्याआधीच गौरांगने नवं बटण पाठवलं.

"मुळापासून लिहिलंय ताई," तो मला फोनवर म्हणाला. "तिथीचं गणित वेगळं काढलंय. कंपनी जे दार कायम उघडं ठेवणार म्हणते, तेवढ्याच दारातून बटण आत जातं. आता कितीही आवृत्त्या येऊ देत, काही बिघडणार नाही. नानांना या वयात किती वेळा तीच कटकट!"

केवढ्या मायेने बोलत होता. मला त्याला फोनमधून बाहेर ओढून एक ठेवून द्यावीशी वाटली.

रविवारी सकाळी नानांनी नवी आवृत्ती घातली. तारीख लिहिली, बटण दाबलं. तिथी उमटली. मग मुद्दाम अधिक महिन्यातली एक अवघड तारीख शोधून काढली. तीही बरोबर आली. नाना खुर्चीत मागे टेकले. विमानतळावर गौरांग आत गेला तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"काय नाना, चालतंय ना?"

मी हातवारे करत होते, नाही म्हणा, बंद पडलंय म्हणा. पण तिथीच्या बाबतीत नाना खोटं बोलतील तर शपथ.

"चालतंय. अगदी बरोबर."

"बघा! म्हटलं नव्हतं?"

"हो रे. छान केलंस."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम बोलले नाही.

"गौरांग," नाना म्हणाले, "मग आता आपण काय बोलायचं रे?"



"नाना, फोन ठेवू नका."

नानांनी स्पीकर बंद केला, रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तरी ते तसेच, न बोलता, रिसीव्हर कानाला लावून बसलेले होते.