पोटात राहणारी गोष्ट

"बाबा, आत गेल्यावर पोटाचा विषय काढायचा नाही," मुलीने होणाऱ्या सासरच्या जिन्यातच ताकीद दिली. "'मऊ भात करता का' तर मुळीच नाही."

"मग ताट वाढल्यावर काय करू?"

"सगळी माणसं खातात तसं खा. आणि रक्तातला आजार आहे का, असं विचारलं त्यांनी, तर लग्न राहिलंच."

सगळी माणसं खातात तसं खाऊन बाबांना बरीच वर्षं झाली होती. आतड्याला सूज होती, कायमची. गोळ्या चालू होत्या, बाकी कारभार पथ्यावर: मऊ भात, सोलून उकडलेलं गाजर, बटाटा, पिकलं केळं. निम्मं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं होतं, निम्मं अनुभवाने. आणि अनुभव भर रस्त्यात शिकवतो. नोकरी पाण्याचे मीटर वाचायची, म्हणजे दिवसभर दारोदार. इतरांना आपल्या भागातली माणसं ठाऊक असतात, बाबांना संडास ठाऊक होते. मैत्रीही त्यांनी त्याच हिशेबाने जोडली होती. मुलीचं नाटक असो की बक्षीस समारंभ, तिचं नाव पुकारलं जाताना बापाची खुर्ची रिकामी असायची. त्यामुळे तिची ताकीद त्यांना कडक वाटली नाही. रास्त वाटली.

आत शिरताच त्यांनी संडास हेरला. तो जेवणाच्या टेबलाला लागून होता. मध्ये पातळ प्लायवूडचं दार, खाली चांगली फट. बाबांच्या पोटात गोळा आला. हा नुसता वाक्प्रचारातला होता. खरा नंतर आला.

विहीणबाईंनी वाढलं ते लालभडक रस्सा, कच्चा कोबी, तळलेल्या मिरच्या. "व्याही, संकोच नको हं. कमी खाणाऱ्याला आम्ही रागावतो."

"खातील की," मुलगी घाईने म्हणाली. "बाबांना तिखट फार आवडतं."

हे खरं होतं, हाच तर वांधा होता. बाबांनी खाल्लं. सकाळपासून आवळून धरलेला मुलीचा चेहरा सैल झाला, ती हसली. ते बघून बाबांनी आणखी वाढून घेतलं.

मग ते उठले. "जरा हात धुऊन येतो."

"बेसिन इकडे आहे, बाबा!" होणारा जावई उत्साहाने म्हणाला.

बाबा तिकडे गेले नाहीत. कडी लावून त्यांनी आवाजासाठी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. जन्म पाण्याच्या नोकरीत गेलेल्या माणसाला पाण्याने दिलेली ही बक्षिसी. बादली तेवढी भरलेली होती. पलीकडच्या गप्पा थांबल्या होत्या. दोन्ही हातांनी पोट दाबून ते घामाघूम बसून राहिले.

एकाएकी मिक्सर सुरू झाला. बाबांनी श्वास सोडला, आणि बाकीचंही. मिक्सर थांबला की तेही थांबत. पुन्हा तो घरघरू लागे. हे बराच वेळ चाललं.

ते बाहेर आले तेव्हा टेबलाशी कोणी नव्हतं. विहीणबाईंनी सगळ्यांना गच्ची बघायला पिटाळलं होतं. मिक्सरचं भांडं कोरडं ठणठणीत होतं.

"माझ्या धाकट्या भावालाही आहे," बाबांकडे न बघता त्या म्हणाल्या. "आधी बोलायचं नाही का? भात तरी मऊ केला असता." मग आवाज उतरवून, "मुलीला ठाऊक नाही वाटतं? ती बिचारी म्हणते, तिखट आवडतं."

खरं सांगावं तर पोरगी पहिल्याच दिवशी खोटी पडत होती.

"नाही," ते म्हणाले. "तिच्यापासून लपवलंय मी. लाज वाटते."

शेवटचं तेवढं खरं होतं.

"बरं. राहील माझ्या पोटात."

असं पोट असतं एकेकाचं. बाबांना हेवा वाटला.

गच्चीच्या जिन्यावर मुलीची पावलं वाजली. विहीणबाईंनी तांब्याभर पाणी घेतलं आणि ते कोरडं भांडं घासायला लागल्या.