करंटरावाची अडलेली नळी

सकाळपासून करंटराव शिडीवर उभा राहून भिंतीतल्या नळीत वायर कोंबत होता. दहा हात वायर गुमान आत जायची, मग कुठंतरी टक्क करून अडायची. एकदा अडली की कितीही ढोसा, हटायचं नाव नाही. खाली बायको शिडी धरून उभी होती. तिचं लक्ष वायरीकडं नव्हतं, भिंतीकडं होतं.

"अहो, गिलाव्याला कोपर लावू नका."

"नाही लागत."

"मग बाहीला ते पांढरं काय लागलंय?"

करंटरावानं बाही लपवायला हात मागं नेला. त्या नादात पक्कड सुटली आणि बायकोच्या पायापासून चार बोटांवर आदळली. पुढं बराच वेळ वायर तशीच लोंबत राहिली आणि नवराबायकोचंच वाजत राहिलं.

त्याचं खरं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. एकदा विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर उघडताना त्याला असा झटका बसला, की गडी बांधावरून उडून थेट शेजाऱ्याच्या वांग्यांत जाऊन पडला. लोक विचारायला आले तेव्हा उठून बसत म्हणाला, "काही नाही, विजेनं ओळख करून घेतली." तेव्हापासून सगळे त्याला करंटराव म्हणायला लागले, आणि तो स्वतःला वीजतज्ज्ञ समजायला लागला.

नवं घर बांधायला काढलं तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ धावत आला होता. तो परवानावाला वायरमन. म्हणाला, "दाजी, वायरिंग मी करतो. घरचंच काम आहे." करंटरावानं छाती काढली. "माझ्या घरात माझाच हात लागणार. फार तर तू कागदावर सही कर." मेव्हणा हिरमुसला, पण जाताना अट घालून गेला. "मी तपासायला येईन. एक जरी पॉइंट अर्धवट दिसला, तर सही नाही. भिंती फोडून सगळं नव्यानं करीन."

आता तो उद्या सकाळी येणार होता. त्याच्या मागोमाग तार जोडायला लाइनमन येणार होता. घरातले सगळे पॉइंट झाले होते, राहिला होता तो एकटा स्वयंपाकघराचा. आणि भिंतीला छिन्नी लावायची सोय नव्हती. बायकोनं बारा दिवस रोज तीन वेळा पाणी मारून तो गिलावा तान्ह्या लेकरासारखा जपला होता.

"भिंतीला टोचा जरी पडला," ती म्हणाली, "तर तुम्ही आणि तुमची वायर, दोघं गोठ्यात राहायचं."

दाराच्या चौकटी बसवायला आलेला सुतार हे सगळं ऐकत रंधा मारत होता. त्यानं विचारलं, "नळीला वळणं किती दिलीत?"

"तीन. अगदी काटकोनात. गुण्यात धरून बसवलीत."

"गुण्यात धरायला ती काय खिडकी आहे? वायर काय गुण्या बघून वळते का?"

मग उपायांची रांग लागली. वायरीला साबण लावून झाला. सुताराच्या डोक्यातून निघालं, की दोऱ्याला कापूस बांधून सायकलच्या पंपानं हवा मारायची. करंटरावानं जीव खाऊन पंप मारला. पलीकडच्या तोंडाशी सुतार डोळा लावून बसला होता. दोरा काही आला नाही, पण नळीतली सगळी सिमेंटची धूळ आली. सुताराचं अर्धं तोंड घराच्या भिंतींशी जुळून गेलं.

डोळे चोळत सुतार म्हणाला, "आता एकच इलाज. उंदीर."

"काय?"

"उंदराच्या पायाला दोरा बांधायचा आणि नळीत सोडायचा. त्याला कसला काटकोन?"

बायको आधी हसली. मग भिंतीकडं बघून म्हणाली, "आणा उंदीर."

एरवी धान्याच्या कणगीत उंदरांची जत्रा भरलेली असायची. आज गरज पडली तर एकही दिसेना. दुपारपर्यंत पिंजरा लावून तिघं दाराआड दबा धरून बसले. शेवटी एक सापडला, पण तो गणपतीला मिरवायला बरा, एवढा लठ्ठ. तो नळीत शिरण्यापेक्षा नळीच त्याच्यात शिरली असती. त्याला सोडून दिला. दुसरा मात्र बेताचा निघाला, अंगठ्याएवढा. बायकोनं शिवणाचा दोरा त्याच्या मागच्या पायाला हलकेच बांधला. तेवढ्या वेळात तो तिला दोनदा चावला. आणि करंटरावाला, काही कारण नसताना, तीनदा.

पलीकडच्या तोंडाशी शेंगदाणे ठेवून सुतार बसला. अलीकडून उंदीर सोडला. दोरा सरसर आत गेला आणि थांबला.

तिघांनी भिंतीला कान लावले.

"काय करतोय?" करंटरावानं विचारलं.

"बसलाय," सुतार म्हणाला. "गार जागा आहे. मी असतो तर मीही बसलो असतो."

घटका गेली. दोरा हलेना. बायको म्हणाली, "त्याला मागून भीती घाला. मांजराचा आवाज काढा."

"मी?"

"मग काय मी? 'माझ्या घरात माझाच हात लागणार' असं कोण म्हणालं होतं?"

करंटराव शिडीवर चढला. नळीला तोंड लावलं. पहिलं म्यांव अगदीच लाजरं निघालं. सुतार पलीकडून ओरडला, "असल्या मांजराला उंदीर पाणी विचारील! जोर लावा!" मग करंटरावानं डोळे मिटले, पोट आत ओढलं आणि असं काही म्यांव काढलं, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तो थांबेचना. चढत्या सुरात म्यांव, उतरत्या सुरात म्यांव, मध्येच फिस्कारणं.

चाऱ्याचा भारा घेऊन चाललेली शेजारीण खिडकीशी थबकली. "काय गं, मांजर पाळलं का?"

"पाळलं नाही," बायको म्हणाली. "लग्नात मिळालंय."

इतक्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली. उंदीर नळीतून बाहेर पडला होता, पण शेंगदाण्यांकडं ढुंकूनही न बघता सुताराच्या बाहीत घुसला होता. सुतार नाचत होता, ओरडत होता, पण दोऱ्याचं टोक त्यानं सोडलं नाही. बायकोनं उंदराचा पाय मोकळा केला. करंटरावानं दोऱ्याला सुतळी बांधली, सुतळीला वायर, वायरीला साबण चोपडला. अलीकडून बायको ढकलायला, पलीकडून दोघं ओढायला. ऊन उतरायच्या आत वायर बाहेर आली. भिंतीला ओरखडासुद्धा नव्हता.

सकाळी मेव्हणा आला. टेस्टर खिशात, पेन्सिल कानावर, चेहऱ्यावर दाजींच्या चुका शोधणारं हसू. त्यानं एकेक पेटी उघडली, एकेक जोड ओढून पाहिला. स्वयंपाकघरात मात्र तो बराच वेळ थांबला. नळीच्या तोंडाशी वाकून आत पाहिलं, वायर हलवली, भिंतीवरून हात फिरवला. मग कागदावर सही केली.

लाइनमननं खांबावर चढून तार जोडली. करंटरावानं बटण दाबलं आणि घरभर उजेड झाला. बायकोनं पदर तोंडाला लावला. सुतारानं टाळ्या वाजवल्या.

मेव्हण्यानं दाजींना दंडाला धरून अंगणात नेलं. इकडं तिकडं बघितलं. आवाज खाली आणला.

"दाजी, तीन काटकोनांतून वायर काढलीत कशी?"

"का रे?"

"माझ्या घरात एक नळी अडलीय. दोन महिने झाले. तिथं आम्ही कंदील लावतो."

"वायरमनच्या घरात कंदील?" करंटरावाला हसू फुटत होतं. ते त्यानं मिशीत दाबलं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"टोमणे नंतर मारा. युक्ती सांगा."

करंटरावानं गंभीर तोंड करून सगळं सांगितलं. मेव्हण्यानं ते लक्ष देऊन ऐकलं. उंदीर केवढा, दोरा कुठल्या पायाला, हे दोनदा विचारलं. शेवटी खाकरून म्हणाला, "आवाज मात्र तुम्हीच येऊन काढा. मला नाही जमायचं."

"येतो की. पण मान्य कर, या कामाला अंगात काहीतरी असावं लागतं."

"मान्य," मेव्हणा म्हणाला.

करंटराव ताठ मानेनं घरात आला. बायको पंख्याखाली पदरानं वारा घेत उभी होती आणि वर बघत होती. पंखा गरगर फिरत होता, पण तिच्या केसाची बटसुद्धा हलत नव्हती. सगळा वारा वर छताला लागत होता. पंखा उलटा फिरत होता.

मागोमाग आत शिरतानाच मेव्हण्यानंही ते पाहिलं. पण ज्याचं म्यांव उसनं घ्यायचंय, त्याच्या पंख्याबद्दल कोण बोलणार?